काढून फेकली जाणारी ती पांढरी चरबी

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विज्ञानविषयक पानावर बुरशीपासून बनवलेल्या कीटकनाशकांवर नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. लेख एकंदरीत चांगला होता आणि रासायनिक फवारणीला पर्याय शोधणाऱ्यांना त्याचा उपयोगच होईल. मात्र त्यात असे म्हटले होते की, कीटकांच्या शरीरात प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार होत नसल्यामुळे त्यांना रोगप्रतिकारशक्ती नसते, आणि म्हणूनच बुरशीचा बीजाणू अंगावर पडला की ते मरतात. यातील प्रतिपिंडांविषयीची माहिती बरोबर आहे, परंतु तिच्यावरून काढलेले दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. मी तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले असल्यामुळे आणि हाच गैरसमज पसरवण्यात एकेकाळी माझाही हात असल्यामुळे, जरा सविस्तर लिहिण्याची परवानगी घेत आहे.

ज्यांनी महाविद्यालयात झुरळाचे विच्छेदन केले असेल, त्यांना मेणाच्या थाळीत टाचण्यांनी पसरलेले आणि पाण्यात बुडवलेले ते झुरळ आठवत असेल. पाठीवरचे कवच कात्रीने अलगद कापून बाजूला केले की सर्वात आधी दिसतो तो पांढराशुभ्र, मऊ, पाण्यात तरंगू लागणारा पुंजका. आतडे, चेतारज्जू, लाळग्रंथी असे परीक्षेत दाखवायचे सगळे अवयव त्याच्या खाली दडलेले असतात. त्यामुळे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू की ही चरबी आधी चिमट्याने आणि कुंचल्याने साफ करून टाका, म्हणजे खालचे नीट दिसेल. मुले ती काढत आणि थाळीतले पाणी बदलताना ती मोरीत वाहून जाई. कित्येक वर्षे मी थांबून मुलांना सांगितले नाही की तुम्ही आत्ता या प्राण्याचे यकृत, त्याचे धान्याचे कोठार आणि त्याचा औषधांचा कारखाना असे तिन्ही एकदम फेकून दिले आहे.

या पुंजक्याला मेदपिंड म्हणतात. नावात मेद असला तरी तो नुसता साठा नव्हे. त्याच्या पेशींमध्ये मेदाचे थेंब भरलेले असतात हे खरे, आणि त्या थेंबांमध्ये ग्लिसरॉलच्या एकेका रेणूला मेदाम्लांचे तीन तीन रेणू जोडून बनलेली ट्रायग्लिसराइडे असतात हेही खरे. कात टाकताना, कोषात गेल्यावर, उपासमारीत, लांब उड्डाणात कीटक याच साठ्यावर जगतो. परंतु रक्तातील बहुतेक प्रथिने बनवणे, साखर आणि मेद यांचा हिशेब ठेवणे, विषारी पदार्थ निकामी करणे हे आपले यकृत करते ते सगळे कामही हाच अवयव करतो. कीटकाचे रक्त बंद नळ्यांमधून न वाहता शरीराच्या पोकळीत मोकळे खेळत असल्यामुळे मेदपिंड चहूबाजूंनी रक्तात न्हालेला असतो. जंतू रक्तात शिरला की त्याची वर्दी मेदपिंडाला लगेच लागते आणि मेदपिंडाने सोडलेला पदार्थही तत्काळ सर्वत्र पोहोचतो.

हा पदार्थ कोणता, याचे पहिले ठोस उत्तर स्वीडनमध्ये मिळाले. हान्स बोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेक्रोपिया या मोठ्या रेशीमपतंगाच्या सुप्त कोषांमध्ये जिवाणू टोचले आणि नंतर त्या कोषांच्या रक्तात जिवाणूंना मारणारी छोटी प्रथिने शोधून काढली. 1981 साली त्यांनी या प्रथिनांची रचना प्रसिद्ध केली आणि पतंगाच्या नावावरून त्यांना सेक्रोपिन हे नाव दिले. पुढे 1996 मध्ये फ्रान्समधील ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने फळमाशीवर दाखवून दिले की टोल नावाचे जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीपुढे अगदी हतबल होतात. त्या शोधनिबंधातील, अंगभर बुरशीचे तंतू उगवलेल्या मेलेल्या माशीचे छायाचित्र पाहिले की कोणीही पुन्हा म्हणणार नाही की निरोगी माशीला प्रतिकारशक्ती नसते. जी शक्ती नाहीशी झाल्यावर अशी दशा होते, ती आधी तिथे असलीच पाहिजे. या कामासाठी हॉफमन यांना 2011 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. टोल ही पेशीतील संदेशांची साखळी मुख्यतः बुरशी आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू यांच्या विरुद्ध चालते, तर आयएमडी नावाची दुसरी साखळी मुख्यतः ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या विरुद्ध (भित्तिकेच्या रचनेवरून पडलेले हे जिवाणूंचे दोन मोठे गट). दोन्हींच्या आज्ञेने जंतुनाशक पेप्टाइडे, म्हणजे सेक्रोपिनसारखी छोटी प्रथिने, तयार होतात, आणि रक्तात उतरणारी ही पेप्टाइडे प्रामुख्याने मेदपिंडातच बनतात.

इथवरचा भाग आता पाठ्यपुस्तकांत आला आहे. माझा आग्रह आहे तो पुढच्या भागासाठी. जो अवयव मेद साठवतो तोच अवयव औषध बनवतो, हा केवळ जागेचा योगायोग नाही. ही दोन्ही कामे एकाच भांडवलावर चालतात, आणि एक काम जोरात सुरू झाले की दुसऱ्याला हात आखडावा लागतो. फळमाशीच्या मेदपिंडात टोलची साखळी कृत्रिमरीत्या चालू ठेवली, तर तिथे इन्सुलिनच्या संदेशाचा प्रभाव कमी होतो, मेदाचा साठा घटतो आणि अळीची वाढही खुंटते, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. 2013 मधील एका कामात तर या दोन कामांमधली कळच सापडली. एमईएफ-2 हे प्रथिन निरोगी माशीत फॉस्फेटचा गट अंगावर घेऊन असते आणि मेद व ग्लायकोजेन (साखरेचे साठवणीतले रूप) साठवणारी जनुके चालवते. जंतुसंसर्ग झाला की तो फॉस्फेट गट उतरतो आणि तेच प्रथिन जंतुनाशक पेप्टाइडांच्या जनुकांकडे वळते. ज्या माश्यांच्या मेदपिंडातून हे प्रथिन काढून टाकले, त्यांच्यात मेदाचा साठाही कमी राहिला आणि संसर्गाला तोंड देण्याची क्षमताही. घरातला एकच कर्ता माणूस दिवसा शेत सांभाळतो आणि रात्री राखण करतो, तसे हे आहे; रोज रात्री चोर येऊ लागले तर शेत पडीक राहणारच.

मेदाम्लांचे काय होते हेही पाहण्यासारखे आहे. पेप्टाइडांचे उत्पादन एकाएकी वाढवायचे तर पेशीला प्रथिने घडवणाऱ्या आणि ती बाहेर धाडणाऱ्या पटलांचा पसारा वाढवावा लागतो, आणि ही पटले बनतात फॉस्फोलिपिडांची, म्हणजे पुन्हा मेदाम्लांचीच. टोलचा संदेश मिळाल्यावर फळमाशीच्या मेदपिंडात ट्रायग्लिसराइड साठवणे मागे पडते आणि फॉस्फोलिपिडे बनवणे पुढे येते, असे दिसून आले आहे. म्हणजे आजारी किडा वाळतो तो केवळ खाणे सुटले म्हणून नव्हे. त्याच्या कोठारातले सामान लढाईच्या बांधकामाला लागलेले असते.

मेदाम्लांची दुसरी भूमिका मला याहूनही महत्त्वाची वाटते, कारण तिथे मेदाम्ल हे इंधनही नसते आणि विटाही नसते. तिथे ते निरोप असते. पेशीपटलातील फॉस्फोलिपिडांमध्ये काही लांब, असंतृप्त मेदाम्ले बसवलेली असतात. जंतूची चाहूल लागताच फॉस्फोलिपेज ए-2 नावाचे विकर (एन्झाइम) त्यातील ॲराकिडोनिक आम्लासारखे मेदाम्ल कापून मोकळे करते आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिनांसारखे आयकोसॅनॉइड रेणू बनतात. आपल्याला ताप येतो, सांधा सुजतो, त्यामागेही याच कुळातील रेणू असतात, आणि ॲस्पिरिन काम करते ते त्यांची निर्मिती रोखूनच. कीटकांमध्येही हेच घडते का, याचा तपास करणारा एक प्रयोग 1991 मध्ये अमेरिकेत डेव्हिड स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, आणि तो इतका साधा आणि सुबक आहे की मला तो वर्गात फळ्यावर काढून दाखवायला नेहमी आवडे.

तंबाखूच्या पानांवर वाढणारी मॅन्ड्युका ही बोटाएवढी जाड हिरवी अळी घ्या. तिला डेक्सामेथासोन टोचा. हे औषध फॉस्फोलिपेज ए-2 चे काम दाबते, म्हणजे मेदाम्ल पटलातून सुटतच नाही. मग तिच्या रक्तात सेराशिया जातीचे जिवाणू सोडा. साधी अळी हे जिवाणू भराभर रक्तातून हटवते. औषध दिलेल्या अळीला ते जमत नाही आणि अशा अळ्या अधिक संख्येने मरतात. इथे कोणी शंका घेईल की औषधच विषारी असेल. म्हणून त्यांनी औषध दिलेल्या काही अळ्यांना वरून ॲराकिडोनिक आम्ल टोचले, आणि त्या अळ्यांची जिवाणू हटवण्याची शक्ती परतली. अडकले होते ते नेमके कुठे, हे याहून स्पष्ट दाखवणे कठीण आहे. रक्तपेशी जिवाणूंना घेरून त्यांच्या गाठी बनवतात आणि मग त्या गाठींवर काळ्या मेलॅनिनचा लेप चढतो. रक्तपेशींना एकत्र बोलावण्याचे काम हे मेदाम्लजन्य रेणू करतात, हे नंतरच्या अनेक प्रयोगांतून दिसून आले.

इथे एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे होईल. सर्व कीटक एका साच्यातले नाहीत. जमिनीवरील बहुतेक कीटकांच्या शरीरात ॲराकिडोनिक आम्ल अगदी अल्प असते आणि फळमाशीत तर जवळजवळ नसतेच. सस्तन प्राण्यांत प्रोस्टाग्लँडिन बनवणारे ठरावीक विकरही बहुतेक कीटकांत त्या रूपात आढळत नाही. त्याच्या जागी दुसरी विकरे ते काम करतात असे दिसते. लिनोलेइक आम्लाच्या बाबतीतही असाच फरक आहे. आपल्याला ते बनवता येत नाही म्हणून अन्नातून घ्यावे लागते, पुष्कळ कीटकांचेही तसेच आहे, पण रातकिड्यांच्या आणि झुरळांच्या काही जाती ते स्वतः घडवू शकतात. आमच्या थाळीतले झुरळ त्यांपैकीच एक होते.

लेखातील विधानाविरुद्धचा सर्वात भक्कम पुरावा मात्र कीटकांच्या शत्रूंकडून मिळतो. मातीत राहणाऱ्या स्टायनरनेमा या सूत्रकृमीच्या आतड्यात झेनोरॅब्डस नावाचे जिवाणू असतात. सूत्रकृमी अळीच्या शरीरात शिरतो आणि हे जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. ते जिवाणू सर्वप्रथम काय करत असतील? अळीचे फॉस्फोलिपेज ए-2 बंद पाडणारे पदार्थ स्रवतात. मेदाम्ल पटलात अडकून राहते, निरोप जात नाही, रक्तपेशी जमत नाहीत आणि अळी मरते. कीटकनाशकांत वापरल्या जाणाऱ्या मेटारायझियम या बुरशीची तऱ्हा वेगळी आहे. अळीच्या रक्तात उतरल्यावर ती आपल्या पेशींवर एका विशिष्ट प्रथिनाचे आवरण चढवते, ज्यामुळे रक्तपेशींना ती परकी म्हणून ओळखता येत नाही. जिथे पहाराच नाही तिथे वेश पालटून शिरण्याची खटपट कोण करील?

बीजाणू अंगावर पडला की कीटक मेला, हेही तितके सरळ नाही. कवचाच्या बाहेरच्या मेणचट थरात हायड्रोकार्बने आणि मुक्त मेदाम्ले असतात, आणि यातील काही छोटी मेदाम्ले बुरशीच्या बीजाणूंना रुजू देत नाहीत. पुष्कळसे बीजाणू या पहिल्याच पायरीवर निकामी होतात. ब्युव्हेरिया ही बुरशी यशस्वी होते, कारण हे मेण तोडून ते अन्न म्हणून वापरणारी विकरे तिच्याकडे आहेत. ही तीच बुरशी, जिच्यामुळे रेशमाच्या अळ्यांना पांढरा रोग होतो हे आगोस्तिनो बासी यांनी इटलीत 1835 मध्ये सिद्ध केले होते. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो याचा तो अगदी सुरुवातीचा पुरावा मानला जातो. तेव्हा बुरशीजन्य कीटकनाशक कधी उत्तम चालते आणि कधी वाया जाते, याचे उत्तर हवामानाइतकेच समोरच्या कीटकाच्या मेदातही शोधावे लागते, आणि शेतकऱ्याला ते सांगितले गेले पाहिजे.

मेदाची वाहतूक हा आणखी एक धागा. पाणी आणि मेद यांचे जमत नसल्यामुळे रक्तातून मेद नेण्यासाठी वाहक प्रथिने लागतात. लांब उड्डाणात अपोलिपोफोरिन-3 हे प्रथिन मोठ्या वाहकाला जाऊन चिकटते आणि जादा मेद स्नायूंकडे पोहोचवायला मदत करते. परंतु एरवी हेच प्रथिन रक्तात सुटे फिरत असते आणि जिवाणूंच्या व बुरशीच्या भित्तिकेतील घटक ओळखण्याचे काम करते. कॅनडातील शेली ॲडॅमो आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवले की उडून दमलेल्या रातकिड्यांत हे सुटे प्रथिन कमी पडते आणि त्यांची प्रतिकारशक्ती काही काळ खालावते. तेच प्रथिन शुद्ध करून टोचले की ही घसरण कमी होते. याच गटाने पुढे असेही पाहिले की जंतूंशी सामना चालू असताना रातकिडे खाणे कमी करतात आणि त्यातही चरबीयुक्त अन्न टाळतात. आजारी माणसाला तेलकट नको वाटते, हे घराघरांत ठाऊक आहे. रातकिड्यालाही ते नकोसे व्हावे, आणि त्यामागे एका वाहक प्रथिनाची ओढाताण असावी, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुढचे पान उलटू शकले नव्हते.

आता मधमाश्यांविषयी, कारण हे सगळे लिहिण्यामागची तळमळ तिथली आहे. व्हरोआ हा माश्यांच्या अंगावर जगणारा परजीवी माश्यांचे रक्त शोषतो, असे कित्येक दशके सांगितले जात होते. 2019 मध्ये सॅम्युएल रॅमझी आणि सहकाऱ्यांनी माश्यांना दोन चकाकणारे रंग खाऊ घातले, त्यातील एक रक्तात मिसळणारा आणि दुसरा मेदात साठणारा होता. त्या माश्यांवर पोसलेल्या परजीवींच्या पोटात प्रामुख्याने मेदाचाच रंग चमकला. प्रौढ माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूला, जिथे कवचाखाली लगेच मेदपिंड असतो, तिथेच हा परजीवी चिकटलेला आढळतो. हे कळल्यावर व्हरोआग्रस्त माश्यांमध्ये विषाणू का माजतात, त्या हिवाळा का काढू शकत नाहीत, कीटकनाशके त्यांना अधिक का बाधतात, या प्रश्नांचा उलगडा होऊ लागतो: परजीवी त्यांचे कोठार, यकृत आणि औषधशाळा एकदमच कुरतडत असतो.

मधमाशीला मेद मिळतो तो जवळजवळ सर्वस्वी परागांतून. मधात तो नसतो म्हटले तरी चालेल. वेगवेगळ्या फुलांच्या परागांतील मेदाम्लांचे प्रमाण अगदी निरनिराळे असते. ओमेगा-3 मेदाम्ले कमी असलेल्या आहारावर माश्यांची शिकण्याची क्षमता घटते आणि पिलांसाठी अन्न स्रवणाऱ्या ग्रंथी लहान राहतात, हे 2015 मध्ये दाखवले गेले. राणीमाशीच्या पिलांना भरवल्या जाणाऱ्या रॉयल जेलीतील जंतुनाशक गुणांमागे एक खास मेदाम्ल आहे, हेही इथे लक्षात घ्यावे. मैलोगणती एकच पीक असलेल्या प्रदेशात माश्यांच्या पेट्या ठेवून, त्यांना साखरेचा पाक पाजून, त्यांची काळजी घेतली असे समजणे म्हणजे रोग्याला नुसती पेज देऊन त्याच्या प्रतिकारशक्तीविषयी निश्चिंत होण्यासारखे आहे.

याच ठिकाणी माझी खरी तक्रार आहे. एखादे कीटकनाशक मधमाशीला कितपत घातक आहे, हे ठरवणाऱ्या मूळ प्रमाणित चाचण्यांमध्ये मात्रा दिल्यावर 48 तासांत, फार तर 96 तासांपर्यंत, किती माश्या मेल्या हे मोजले जाते. अलीकडे दहा दिवसांची चाचणीही आली, हे स्वागतार्ह आहे, पण तिचाही मुख्य निकष मृत्यूच आहे. इटलीतील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले की क्लोथियानिडिन आणि इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशके माशीला न मारणाऱ्या मात्रेतही तिच्या प्रतिकारशक्तीची साखळी दाबतात, आणि मग तिच्या अंगात आधीपासून दबून असलेला, पंख वेडेवाकडे करणारा विषाणू वाढू लागतो. अशी माशी चाचणीच्या कागदावर जिवंत म्हणूनच नोंदली जाते. ती पुढच्या पंधरवड्यात पोळ्याबाहेर मरते आणि तिचा मृत्यू विषाणूच्या खात्यावर जमा होतो. चाचणीत वाचलेल्या माश्यांचा मेदपिंड तपासणे, त्यातील मेद मोजणे, त्यांना थोडे जिवाणू टोचून पेप्टाइडे तयार होतात का ते पाहणे, यातील एकही गोष्ट आजच्या प्रयोगशाळांना अशक्य नाही. शिवाय चाचणीतल्या माश्या पोटभर खाल्लेल्या होत्या की निकृष्ट परागांवर वाढलेल्या, हे नोंदवले गेले नाही तर त्या निकालाचा शेतातील माशीला फारसा उपयोग नाही.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. सदर लेखातील विधानाची दुरुस्ती त्याच पानावर आणि तितक्याच ठळकपणे छापावी, कारण शाळकरी मुले ते पान कापून वहीत चिकटवतात. आणि यापुढे मधमाश्यांच्या किंवा अन्य उपयुक्त कीटकांच्या मृत्यूची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी कोणते विष सापडले याच्या बरोबरीने, ते कीटक कशावर जगत होते आणि त्यांच्या मेदपिंडाची तपासणी झाली होती का, हेही संबंधितांना विचारावे. निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी विद्यार्थ्यांना ती पांढरी चरबी फेकू दिली नाही. ती काचपट्टीवर घेऊन, मेद रंगवणारा सुदान रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लावले. एकेका पेशीत दाटीवाटीने भरलेले लालकेशरी थेंब दिसू लागले की वर्गातली कुजबुज थांबे आणि मग कोणीतरी विचारी, "बाई, हे सगळे आजवर आपण फेकत होतो?"

कळावे.

आपली विश्वासू,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका